टोमॅटोच्या फुलांना कुंच्या

१४ मार्च

जाऊबाई,

पत्राची सुरुवात कशी करावी याचा सकाळपासून विचार करतेय. तेवढ्यात दोन पातेली सूप करून झालं, तरी सुरुवात काही सुचली नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. तुम्ही तुमचं बी इथेच ठेवून गेलात.

आज स्वयंपाकघर धुवायला काढलं होतं. चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे ती औषधाची तपकिरी बाटली सापडली. बूच उघडलं तर आत तुमच्या त्या भोपळ्यासारख्या दिसणाऱ्या 'भोपळ्या' टोमॅटोचं बी. जाताना तुम्ही स्वतःची सुरी नेलीत, उशीचे अभ्रे नेलेत, दाराला अडकवलेली जुनी छत्रीसुद्धा नेलीत, आणि माहेरची ही एकच वस्तू मागे राहिली? तुम्ही विसरभोळ्या असतात तर मी काही बोलले नसते. पण पाहुण्याने मागच्या खेपेला चहात साखर किती घेतली होती तेही तुमच्या लक्षात असतं!

मी यांना विचारलं. हे कांदा चिरत होते. मान वर न करताच म्हणाले, "वहिनी विसरल्या नाहीत. खानावळ आणि अंगण आपल्याकडे आलं ना? मग अंगणात पिकणारं सगळं अंगणाचं. वहिनींचा हिशोब असाच असतो."

म्हणजे बघा, वाटणीच्या वेळी दोघा भावांनी खुर्च्या मोजल्या, कढया मोजल्या, एका इस्त्रीवरून तासभर वाद घातला. टोमॅटो कुणाच्या डोक्यातही नव्हता. आणि तुम्ही कुणी न मागता तो आमच्या पदरात टाकून, तोंडातून चकार शब्द न काढता रिक्षात बसलात. इतकं सरळ वागायचं असतं का हो माणसाने? मला तर तुमचा रागच आला, आणि रागाबरोबर दुसरंही काहीतरी आलं, ते काय ते मी लिहीत नाही.

मला ही वाटणी मान्य नाही. तुमच्या माहेरी आता ना घर राहिलं ना बाग. हे बी तुमचं आहे. पत्ता बरोबर असेल तर कळवा, म्हणजे पोस्टाने धाडते. नवरे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून जावांनीही तोंडं शिवून घ्यायची, हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. मी तरी केलेला नाही.

तुमची,
धाकटी


२९ एप्रिल

जाऊबाई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुम्हाला मिळालंय. ठीक आहे. तुम्ही गप्प बसण्यात पटाईत आणि मी बोलण्यात, तेव्हा दोघींचं काम मीच करते.

बाटलीतलं अर्धं बी मी पेरलं. हसू नका. तेरा वर्षं मी या घरात तुमच्या हाताखाली भाज्या चिरल्या, पण मातीत बोट घातलं नव्हतं. आता घातलं त्याला कारण पलीकडचे चष्मेवाले. रोज दुपारी स्वतःच्या चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून येतात, खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसतात आणि विचारतात, "या वर्षी भोपळ्या आहे ना?" मी पहिल्यांदा म्हटलं, बघू. दुसऱ्यांदा म्हटलं, आहे. आता तोंडातून गेलंच तर निस्तरायला नको?

मला वाटायचं, टोमॅटोला काय लागतं? टाकला की उगवतो. तुम्ही त्या रोपांमागे दिवसभर ओणव्या असायचात, तेव्हा मी मनात म्हणायची की जाऊबाईंना गिऱ्हाइकांची तोंडं बघायची नसतात म्हणून ही पळवाट. आता कळतंय. काठी आधी रोवायची, रोप मोठं झाल्यावर नाही, नाहीतर मुळं तुटतात. बांधायला सुतळी नाही, जुन्या चादरीच्या चिंध्या, त्याही सैल. पाणी बुडाशी, पानांवर नाही. यातलं काहीही तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. मी हे सगळं शिकले ते तुम्ही मागे ठेवलेल्या काठ्यांच्या खुणांवरून आणि खुंटीवर लोंबणाऱ्या चिंध्यांवरून. तुम्ही नसतानाही मला कामाला लावलंत.

हे म्हणाले, "एवढी जागा रिकामी राहते, मी पण काहीतरी लावतो." त्यांनी रोपवाटिकेतून छोट्या लाल टोमॅटोची रांग आणली. तुमच्या भोपळ्याशेजारी अगदी ऐटीत उभी आहे.

धाकटी


२५ जुलै

जाऊबाई,

आला! भोपळ्या आला!

पहिला मी तोडला तेव्हा दोन्ही हात लागले. फाका फाका पडलेला, बसका, देठापाशी पिवळा आणि बुडाशी लाल. चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढून त्याच्याभोवती फेरी मारली. "काय हो हे!" एवढंच म्हणाले. एरवी ते चहाबद्दलही अर्धा तास बोलतात.

मग मी माझी अक्कल पाजळली. एवढा गर, एवढा रस, म्हटलं झकास सॉस होईल. चिरला, कढईत टाकला, आटवला. आणि काय सांगू, पाणीच पाणी! दोन्ही रंग एकमेकांत मिसळून फिक्या नारिंगी रंगाची पेज झाली, चवीला नुसती गोड. आंबटपणा औषधालाही नाही. हे चमचा तोंडात घालून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बायकोच्या तोंडावर खरं बोलायचं नसलं की नवरे करतात ना, तसं.

तेव्हा मी डोळे मिटून तुम्हाला आठवलं. तुम्ही तो कधीच शिजवला नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याशिवाय सुरी लावली नाहीत. उभा नाही, आडवा कापायचात, बोटभर जाड. तवा कडकडीत तापवायचा, चकती एकाच बाजूने टेकवायची, चर्र झालं की उचलायची. वरची बाजू कच्चीच. मीठ ताटात आल्यावर. खाली लसूण घासलेला भाजका पाव, आणि बस्स. मी तसं केलं. चकतीच्या मधोमध तो लाल रंग पिवळ्यात पसरलेला, ओल्या कागदावर शाई पडल्यासारखा. खालून ऊन आणि खरपूस, वरून गार आणि रसाळ. जाऊबाई, मी ते उभ्याने खाल्लं आणि मनात म्हटलं, या बाईने तेरा वर्षं हे माझ्या नाकासमोर केलं आणि मी शेजारी उभी राहून ऑम्लेटं उलटत होते. तुम्हाला कुणी कधी शाबास म्हटलं का हो या घरात? मी म्हटलेलं मला आठवत नाही. आता म्हणते. शाबास.

आणखी एक. ड्रॉवरमध्ये तुमच्या त्या मलमलीच्या चिमुकल्या पिशव्या सापडल्या, तोंडाला नाडी असलेल्या. फार कामाच्या आहेत. मिरी, दालचिनी आत बांधून सूपमध्ये सोडते, नंतर अलगद काढता येतं. तुम्ही त्या फुलांवर का चढवायचात ते मात्र कळलं नाही. मी तेव्हा "फुलांना कुंच्या घातल्यात, सर्दी होईल म्हणून" अशी थट्टा करायची, आणि तुम्ही नुसत्या हसायचात.

सोबत पुडी आहे. सगळ्यांत मोठ्या भोपळ्याचं बी धरलं, आंबवून, धुऊन, सावलीत वाळवलं. रोपावरचं पहिलंच फळ ते, जुळ्या फुलाचं, दोन फुलं चिकटून एक झाल्यासारखं होतं. त्याच्याएवढं दुसरं झालं नाही. तुमचं बी तुमच्या घरी. आता तरी दोन ओळी लिहा.

धाकटी


११ ऑगस्ट

जाऊबाई,

तुमचं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी तुमचं अक्षर बघून मी हात न पुसताच धावले, त्यामुळे कार्डावर तेलाचा अंगठा उमटलाय. आणि त्यात काय? ना खुशाली, ना "सुखी राहा". मी पुन्हा उतरवून काढते, म्हणजे तुम्हाला कळेल की वाचणाऱ्याला कसं वाटतं:

"पिशव्या सूपसाठी नाहीत, फुलांसाठी आहेत. फूल उमलायच्या आधी चढवायची, फळ धरलं की काढायची. शेजारी लाल लावलेत, मधमाश्यांनी दोन्ही एक केले. जुळ्या फुलाचं तोंड उघडं असतं, त्यात सगळ्यांत आधी शिरतात. तू नेमकं त्याचंच बी धरलंस. हे बी भोपळ्याचं नाही. परत पाठवते. बाटलीतलं जुनं उरलं असेल तर सांभाळ. माझ्याकडे दुसरं नाही."

आधी मला राग आला. मग मी यांच्यावर ओरडले, तुमची ती लाल रांग म्हणून. मग हे माझ्यावर ओरडले, सूप म्हणून. संध्याकाळपर्यंत खानावळीत दोघंही भांडी आदळत होतो आणि चष्मेवाले चहा अर्धा टाकून निघून गेले.

शेवटची ओळ मी पहिल्यांदा नीट वाचलीच नव्हती. माझ्याकडे दुसरं नाही. मला आपलं वाटत होतं, मूठभर तरी नेलं असेल. तुम्ही खरंच चिमूटभरही नेलं नाहीत.

तरी सांगते, मी सहजी हार मानणारी नाही. तुम्ही परत पाठवलेलं बी मी जपून ठेवलंय. पुढच्या वर्षी तेही लावते आणि बाटलीतलंही. कोण खरं ते फळच सांगेल. तुम्हीच खऱ्या ठरणार हे मला माहीत आहे, पण म्हणून मी आत्ताच मान्य करू की काय?

धाकटी


८ मे

जाऊबाई,

वाईट बातमी आधी. बाटलीतलं होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं. एकच उगवलं. तेही सगळ्यांनी आशा सोडल्यावर, उशिरा, मान वाकडी करून.

बाटली मी पुन्हा चुलीवरच्या फळीवरच ठेवली होती. जिथे सापडली तिथेच ठेवावी, तुमची जागा ती. मला काय ठाऊक की तुम्ही ती तिथे फक्त जायच्या दिवशी ठेवलीत, मला दिसावी म्हणून? हे यांनी सांगितलं. एरवी ती अंगणातल्या गार कोपऱ्यात, माठाच्या मागे असायची. वर्षभर मी तुमचं बी वाफेवर शेकलं.

परत पाठवलेलं बी मात्र तरारून वर आलंय. तण उगवावं तसं.

आता या जगात भोपळ्याचं एकच रोप आहे आणि ते माझ्या हातात आहे. मी ऑम्लेटं बरी करते, जाऊबाई. पण हे माझ्याने होईल असं मला वाटत नाही. सकाळी उठले की आधी अंगणात जाते. बोटाने माती दाबून बघते. पाणी घालते, मग जास्त झालं असं वाटून घाबरते. लिहा काहीतरी.

धाकटी


६ जुलै

जाऊबाई,

तुमचं कार्ड यांनी स्वयंपाकघराच्या दारावर डकवलंय. "रोज पाणी घालू नकोस. त्याला तुझी दया नको, ऊन हवं." गिऱ्हाइकं ते वाचतात आणि मला विचारतात, हे तुमच्या नवऱ्याबद्दल आहे का.

आता ऐका. तुम्ही परत पाठवलेलं ते बी फळलं. तांबडी, गुळगुळीत, लिंबाएवढी. एकही फाक नाही, पिवळा रंग नावालाही नाही. तुम्ही खऱ्या. दूर बसून, फळ न बघता, माझ्या पत्रातल्या चार फुशारक्या वाचून तुम्ही ओळखलंत. डॉक्टर नाडी हातात घेऊनही चुकतात. मी तोंडात बोट घातलं, जाऊबाई, अगदी खरंखुरं घातलं, बोटाला तेल होतं.

एकट्या रोपाला कळ्या आल्या तशा मी कुंच्या शिवायला बसले. सूपच्या पिशव्यांना मिरीचा वास, त्या चालणार नाहीत म्हणून नवी मलमल आणली. माझे हात कढया घासून जाडे झालेत, एवढीशी पिशवी आणि त्यात नाडी ओवायची! माझ्या चार झाल्या त्या मोज्यासारख्या दिसतात. तुमच्या पिशवीची शिवण मी चष्मेवाल्यांच्या भिंगातून बघितली. टाका दिसतच नाही. हे तुम्ही दरवर्षी करायचात, आणि मी त्यावर थट्टा करायची, आणि वर तुम्ही हसायचात. मी असते तर सुई टोचली असती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुळं फूल आधीच खुडलं. दुपारी, ऊन चढलं की झाकलेल्या फुलांच्या देठाला टिचकी मारायची, म्हणजे त्याचे पराग त्यालाच लागतात. आता गर्दीच्या वेळी हातात चार ताटं घेऊन मी मागच्या दारातून पळते, टिचकी मारते, परत येते. कालपासून हे मारतात. मोठा झारा हातात असलेला माणूस बोटाच्या नखाने इतकं हळू काही करू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि एक गोष्ट. परवा सकाळी बघते तर यांनी यंदाही हौसेने लावलेली लाल रांग गायब. फळांनी लगडलेली, गिऱ्हाइकं मागून मागून खात होती ती. यांनी मुळासकट उपटून कचऱ्यात टाकली होती. त्या तांबड्या लिंबांची रोपंही. मी काही बोलले नव्हते. म्हणाले, "कुंचीत भोक पडलं तर?" आणि मग थोड्या वेळाने, भांडी विसळताना, "दादाने बघितलं असतं तर म्हणाला असता, अखेर याला अक्कल आली." त्यांच्या तोंडून 'दादा' हा शब्द मी वाटणीनंतर पहिल्यांदा ऐकला. तुम्हाला कळवावं असं वाटलं. दादांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

उन्हाने फुलं गळतायत. चारांतली तीन गळली. चौथ्या कुंचीत वाटाण्याएवढं काहीतरी हिरवं आहे.

धाकटी


२३ ऑगस्ट

जाऊबाई,

वाटाण्याएवढं आता माझ्या ओंजळीएवढं आहे. एकच आहे. रोपाने बाकी सगळं सोडून दिलं आणि सगळा जीव त्याच्यात ओतला. कुंची कधीच काढली, खाली झोळी बांधलीय, चादरीचीच. फाका पडल्यात. देठापाशी पिवळा होऊ लागलाय.

खानावळीत दुसरा विषय नाही. चष्मेवाले आता चहा अंगणातच मागतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स ड्यूटीवर जाताना कुंपणावरून वाकून विचारते, "पेशंट कसा आहे?" पक्षी बसू नयेत म्हणून हे दुपारची झोप सोडून तिथे स्टुलावर बसतात, वर्तमानपत्र घेऊन, पान न उलटता.

तुमच्या कार्डात लिहिलंय, "पिकला की बी धरून पाठव." आता मन घट्ट करून लिहिते. मी पाठवणार नाही.

रागावू नका, पुढचं वाचा. तो कधी पिकला हे मला कळत नाही. गेल्या वर्षी भरपूर होते, एखादा कच्चा गेला, एखादा सडला, काय बिघडलं? पण हा पूर्ण लाल होणारच नाही. थांबले आणि आतून उतरला तर? घाई केली आणि बी कोवळं राहिलं तर? तुम्ही तळहात खाली धरून, डोळे मिटून सांगायचात. ते मी शंभर वेळा पाहिलंय आणि मला येत नाही. कार्डावर लिहून येण्यासारखं ते नाहीच.

आणि दुसरं. मागच्या वेळी मी पोस्टाने पाठवलं आणि तुम्ही पोस्टाने परत केलंत. पुन्हा ते नको. तुमचं बी तुम्ही तुमच्या हाताने काढा.

या. खानावळीत पाय ठेवायचा नसेल तर मागच्या गल्लीतून अंगणात या, फाटकाला कडी नसते. दादांना यायचं असेल तर तेही येऊ देत, चष्मेवाल्यांच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. नसेल यायचं तर तुम्ही एकट्या या. तुम्ही इथून गेल्यापासून मी एकही चकती मन भरून कुणाला वाढलेली नाही. सगळे म्हणतात, छान झालंय. मला मात्र तुमच्याकडून ऐकायचंय की काय चुकतंय.

पण लवकर या. तो माझ्यासाठी थांबेल असं वाटत नाही.

धाकटी


२ सप्टेंबर, स्वयंपाकघरातून

जाऊबाई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पण तुम्हाला लिहायची सवय लागलीय, आणि तोंडाने बोलायला गेले तर मी रडेन, आणि बाहेर पाच टेबलं भरलीयत. म्हणून सूप उकळेपर्यंत लिहिते.

तुम्ही खिडकीतून दिसताय. मघाशी फाटक वाजलं तेव्हा मला वाटलं नर्स आली. बघते तर तुम्ही. बारीक झालायत. खांद्याला पिशवी तशीच. घराकडे बघितलंही नाहीत, सरळ रोपापाशी गेलात. हे स्टुलावरून उठले, वर्तमानपत्र खाली पडलं. "वहिनी," म्हणाले, आणि स्टूल तुमच्याकडे सरकवलं. तुम्ही म्हणालात, "गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत. आत यायचं नाही म्हणतात." हे आत आले, दोन कप चहा ओतला, माझ्याकडे न बघता दोन्ही कप घेऊन गल्लीत गेले. ते अजून परत आलेले नाहीत. ताटं मीच वाढतेय. चालेल.

मी मागच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही झोळी सोडवलीत. तळहात खाली धरलात. बुडाशी उमटलेल्या लाल रंगावरून अंगठा फिरवलात, एकदाच. तुम्ही मला म्हणालात, "कुंच्या तू शिवल्यास?"

मी म्हटलं, "हो. मोज्यासारख्या झाल्या."

"हं," म्हणालात. "आपलाच आहे हा."

आणि डोळे मिटलेत. किती वेळ ते मला माहीत नाही. आत कुणीतरी बिल मागत होतं. मला वाटलं, आता तुम्ही तोडणार, चिरणार, बी पुडीत बांधणार आणि संध्याकाळच्या गाडीने जाणार. मी सुरीसुद्धा धुऊन ठेवली होती. ती तुमच्या हातात द्यायला पुढे झाले.

तुम्ही मान हलवलीत. "आज नको," म्हणालात. "परवा."

मग खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिलीत. ती जड होती, जाऊबाई. आल्यापावली परत जाणाऱ्या माणसाची पिशवी इतकी जड नसते.